‘रशियाचा हात’ म्हणजे नेमका कोणता हात?

प्रश्न थोडक्यात असा आहे: “आमचे मामा ठामपणे सांगतात की 2014 ते 2022 या काळात डोनबासमध्ये जे झालं ती युक्रेनची आपसातली यादवी होती, रशियाने आपल्या भाषेच्या लोकांना फक्त आधार दिला. युक्रेनी सैन्याने आठ वर्षांत 14,000 रशियन भाषिक मारले, असंही त्यांचं म्हणणं. मी ‘रशियाचा हात होता’ म्हटलं की ते म्हणतात, ‘पुरावा दाखव, आणि अमेरिकेचा नको.’ दर वेळी मी गप्प बसतो. सुरुवात कुठून करू? आणि मामांचं काही बरोबर असू शकतं का?”

सशस्त्र संघर्षाचा आंतरराष्ट्रीय कायदा मी गेली चोवीस वर्षं शिकवते. त्यातली निम्मी वर्षं डोनबास, म्हणजे युक्रेनच्या पूर्वेकडचे डोनेत्स्क आणि लुहान्स्क हे प्रांत, हे प्रकरण आमच्या वर्गात असतंच. दर वर्षी अभिरूप न्यायालय भरवते, एका गटाने युक्रेनची बाजू घ्यायची, दुसऱ्याने रशियाची. त्यामुळे तुमच्या मामांचं म्हणणं मी अनेकदा ऐकलंय, आणि बऱ्याचदा चांगल्या हुशार मुलांच्या तोंडून. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: हो, मामांचं काही बरोबर आहे, आणि ते तुम्ही मोकळेपणाने मान्य केल्याशिवाय तुमचं बाकीचं त्यांच्या कानात शिरणार नाही. पण ज्या मुद्द्यावर ते सगळ्यात ठाम आहेत, नेमका तोच मुद्दा टिकत नाही.

तुमची अडचण ‘हात होता’ या दोन शब्दांत आहे. एखादा रशियन नागरिक स्वतःच्या मर्जीने बंदूक घेऊन सीमेपलीकडे गेला, हाही हातच. मॉस्कोहून आलेली माणसं तिथल्या खुर्च्यांवर बसली, हा वेगळा हात. रणगाडे आणि तोफगोळे सीमेवरून आले, हा तिसरा. रशियाचे नोकरीत असलेले सैनिक लढले, हा चौथा. आणि लढायचं कधी, थांबायचं कधी हे मॉस्कोतून ठरत होतं, हा पाचवा. तुम्ही तिसऱ्याचा पुरावा देता, मामा पाचवा नाकारतात, आणि दोघांनाही वाटतं आपण जिंकलो. म्हणून आधी त्यांना विचारा: मामा, यातलं नेमकं काय झालं नाही असं तुम्ही म्हणता? आमच्या वर्गात रशियाची बाजू मांडणारी हुशार मुलं पहिले दोन मुद्दे लगेच सोडून देतात. खरी लढत शेवटच्या दोनांवर होते, आणि तीच करण्यासारखी आहे.

मामांच्या वयाच्या माणसाला हे समजावायला परदेशात जायची गरज नाही. कारगिल आठवा म्हणावं. 1999 च्या मे महिन्यात पाकिस्तान जगाला सांगत होता की शिखरांवर बसलेत ते मुजाहिदीन, आमचं सैन्य नव्हे. आपण विश्वास ठेवला का? नाही ठेवला, कारण मृतांच्या खिशात नॉर्दर्न लाइट इन्फंट्रीची ओळखपत्रं सापडत होती, आणि मुशर्रफ बीजिंगमध्ये असताना त्यांचं रावळपिंडीशी झालेलं बोलणं भारताने 11 जूनला जाहीर केलं. आपल्याच सैनिकांची प्रेतं घ्यायला पाकिस्तान तयार नव्हता. त्यातल्या अनेकांना आपल्या जवानांनी मानाने मूठमाती दिली. पुढे त्याच लढाईसाठी हवालदार लालक जान आणि कॅप्टन कर्नल शेर खान यांना पाकिस्तानने निशान-ए-हैदर दिलं, आणि 2010 मध्ये पाकिस्तानी लष्कराच्या संकेतस्थळावर 453 मृतांची यादी आली. सरकार आधी नाकारतं, मग ओळखपत्रं आणि प्रेतं बोलू लागतात, आणि शेवटी सरकारच पदकं देतं. हा क्रम एकदा पाहिलेल्या माणसाला क्रिमिया ओळखीचा वाटायला हवा.

क्रिमियात, म्हणजे युक्रेनच्या दक्षिणेकडच्या द्वीपकल्पात, 27 फेब्रुवारी 2014 च्या पहाटे बिनचिन्हाच्या हिरव्या गणवेशातल्या सशस्त्र माणसांनी सिम्फेरोपोलमधली संसदेची इमारत ताब्यात घेतली. 4 मार्चला पुतिन यांना पत्रकारांनी विचारलं, ही माणसं कोण? ते म्हणाले, स्थानिक स्वसंरक्षण दलं; असे गणवेश तर दुकानात मिळतात. 18 मार्चला क्रिमिया रशियात विलीन करून झाला. आणि 17 एप्रिलला दूरचित्रवाणीवर जनतेच्या प्रश्नांना उत्तरं देताना त्याच पुतिन यांनी सांगितलं की स्वसंरक्षण दलांच्या पाठीशी अर्थातच आमचे सैनिक उभे होते. दोन विधानांमध्ये जेमतेम सव्वासहा आठवडे गेले. मामांनी अमेरिकेचा पुरावा नको म्हटलंय ना? हा रशियाच्या राष्ट्राध्यक्षांचा आहे.

पुराव्याची उतरंड अशीच लावावी, हे मी मुलांना पहिल्या तासाला सांगते. ज्याचं नुकसान होणार आहे त्याच्याच तोंडून आलेली कबुली सगळ्यात वर. मग ज्यात दोन्ही बाजूंची माणसं होती अशा संस्थेचं निरीक्षण. मग दोन्हीकडचं ऐकून दिलेला न्यायालयाचा निकाल. गुप्तचर खात्यांचे दावे त्याच्या खाली, आणि फिरती छायाचित्रं सगळ्यात शेवटी. आपण वाद घालताना नेमकं उलटं करतो, छायाचित्रापासून सुरू करतो. मीही केलंय. सप्टेंबर 2014 मध्ये वर्गात मी रणगाड्यांच्या ताफ्याचं एक छायाचित्र ‘हे डोनबासमधल्या इलोव्हाइस्कजवळचं’ म्हणून दाखवलं. मागच्या बाकावरच्या मुलाने दुसऱ्या दिवशी ते शोधून आणलं: 2008 चं, जॉर्जियातलं. त्यानंतर दोन महिने मी खरं सांगितलेलंही वर्गाने सहज मानलं नाही, आणि त्यांचं बरोबरच होतं.

तर कबुल्या. डोनबासमधल्या सशस्त्र उठावाची सुरुवात बहुतेक जण 12 एप्रिल 2014 ला स्लोव्हियान्स्क शहरात झाली असं धरतात. तिथे शिरलेल्या टोळीचा म्होरक्या इगोर गिरकिन, ‘स्त्रेलकोव्ह’ या नावाने ओळखला जाणारा, डोनबासचा नव्हता. तो मॉस्कोचा, रशियाच्या ‘एफएसबी’ या सुरक्षा खात्यातला निवृत्त कर्नल, आणि क्रिमियातून तिथे आलेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘झाव्त्रा’ या रशियन राष्ट्रवादी वर्तमानपत्राला मुलाखत देताना त्याने अभिमानाने सांगितलं की युद्धाचा चाप मीच ओढला. आमची तुकडी सीमा ओलांडून आली नसती तर खारकीव्ह-ओदेसात झालं तसं इथेही सगळं विझून गेलं असतं. यादवी आपोआप पेटली म्हणणाऱ्या कुणालाही मी हे आधी वाचायला देते. स्वयंघोषित ‘डोनेत्स्क प्रजासत्ताका’चा संरक्षणमंत्री हा गिरकिन, आणि पहिला पंतप्रधान अलेक्झांडर बोरोदाई, तोही मॉस्कोचाच. ऑगस्टमध्ये दोघेही एका आठवड्याच्या अंतराने पायउतार झाले आणि पंतप्रधानपदी स्थानिक माणूस आला, अलेक्झांडर झाखारचेन्को. त्याच झाखारचेन्कोने महिनाअखेरीस रशियन वाहिनीवर सांगितलं की आमच्यासोबत तीन-चार हजार रशियन लढताहेत आणि त्यांत नोकरीतले सैनिकही आहेत, जे रजा समुद्रकिनाऱ्यावर न घालवता आमच्यात येऊन राहिलेत.

रजेवरचे सैनिक! कोणत्या सैन्यात शिपाई रजेवर जाऊन परदेशातल्या युद्धात लढतो आणि परत येऊन पुन्हा हजेरी लावतो? हे वाक्य मामांना शांतपणे वाचून दाखवा आणि पुढे काही बोलू नका.

त्याच आठवड्यात, 24 ऑगस्टच्या सुमाराला, 98 व्या हवाई छत्रीधारी डिव्हिजनच्या कोस्त्रोमातल्या रेजिमेंटचे दहा सैनिक युक्रेनच्या हद्दीत पकडले गेले. मॉस्कोचं उत्तर असं की ते सीमेच्या खुणा नसलेल्या भागात चुकून पलीकडे गेले. काही दिवसांत ते अदलाबदलीत परतले. इलोव्हाइस्कला वेढल्या गेलेल्या युक्रेनी सैन्याचा तेव्हा भयंकर संहार झाला. युक्रेनच्या अधिकृत हिशोबाने 366 सैनिक मेले. त्याआधीचे काही आठवडे युक्रेनी सैन्य पुढे सरकत होतं, बंडखोरांचा भाग आकसत चालला होता, आणि अचानक बाजी उलटली. रजेवरच्या स्वयंसेवकांनी अशी बाजी उलटत नाही, हे सांगायला लष्करी तज्ज्ञ लागत नाही. रशियात प्स्कोव्हजवळच्या दफनभूमीत छत्रीधारी सैनिकांच्या ताज्या कबरी दिसू लागल्या. तिथे गेलेल्या पत्रकारांना हुसकावलं गेलं, आणि हा विषय लावून धरणारे स्थानिक लोकप्रतिनिधी लेव्ह श्लोसबर्ग यांना मारहाण झाली. पुढच्या मे महिन्यात पुतिन यांनी हुकूम काढला की शांतताकाळात ‘विशेष मोहिमां’त मेलेल्या सैनिकांची माहिती यापुढे राजगुपित. ज्या सैन्याचं कुणी तिथे मरत नाही, त्याला असा हुकूम कशाला लागावा?

मला स्वतःला सगळ्यात बोलका वाटतो तो एक साधा, कंटाळवाणा कागद. डिसेंबर 2021 मध्ये रोस्तोव्हच्या एका न्यायालयाचा निकाल लोकांच्या नजरेला आला. खटला लाचखोरीचा, अन्नपुरवठ्याच्या व्यवहारातला. त्यात सहज म्हणून लिहिलेलं होतं की हा शिधा डोनेत्स्क आणि लुहान्स्कच्या ‘प्रजासत्ताकां’त तैनात असलेल्या रशियन सैनिकांसाठी होता. युद्धाबद्दल कुणी काही सिद्ध करायला बसलेलं नव्हतं. न्यायाधीश फक्त पाव-भाजीचा हिशोब लिहीत होते. क्रेमलिनचे प्रवक्ते पेस्कोव्ह म्हणाले, लिहिणाऱ्यांची चूक झाली असावी. नंतर तो मजकूर संकेतस्थळावरून नाहीसा झाला.

कबुल्यांनंतर निरीक्षकांकडे या. युरोपातल्या सुरक्षा आणि सहकार्य संघटनेची, म्हणजे ‘ओएससीई’ची पाहणी मोहीम मार्च 2014 पासून आठ वर्षं युक्रेनमध्ये होती. ती रशियाच्या संमतीने नेमलेली, आणि तिच्या निरीक्षकांत रशियनही होते. 7 ऑगस्ट 2018 च्या रात्री त्यांच्या ड्रोनने मानिच गावाजवळ कच्च्या रस्त्याने रशियाच्या सीमेवरून मालमोटारींचे ताफे येता-जाताना टिपले. तिथे कोणतीही तपासणी चौकी नव्हती. रणगाड्यांचं म्हणाल तर ‘हे तर युक्रेनी सैन्याकडूनच हिसकावलेले’ असं उत्तर येतं, आणि बऱ्याच जुन्या सोव्हिएत रणगाड्यांबद्दल ते खरंही आहे. पण ‘टी-72 बी3’ ही रशियाने आपल्या सैन्यासाठी सुधारलेली आवृत्ती युक्रेनकडे कधीच नव्हती, आणि ती 2014 च्या ऑगस्टमध्ये डोनबासात होती. जे नव्हतंच ते हिसकावणार कुठून?

आता ‘यादवी’ या शब्दाकडे. यादवी म्हणायचं की दोन देशांमधलं युद्ध, हे लढणाऱ्यांच्या भाषेवरून किंवा पासपोर्टावरून ठरत नाही. ते ताब्यावरून ठरतं: त्या सशस्त्र गटावर बाहेरच्या राज्याची पकड किती? याचा सगळ्यात गाजलेला खटला अमेरिकेविरुद्धचा आहे, आणि मामांना तो नक्की आवडेल. निकाराग्वाच्या सरकारविरुद्ध लढणाऱ्या ‘कॉन्त्रा’ बंडखोरांना अमेरिकेने पैसा, शस्त्रं आणि प्रशिक्षण दिलं. 1986 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सांगितलं की कॉन्त्रांचं प्रत्येक कृत्य अमेरिकेच्या माथी मारता येणार नाही, त्यासाठी प्रत्यक्ष नियंत्रण दिसायला हवं. पण शेजारच्या बंडखोरांना शस्त्रं देणं, शिकवणं हाच मुळात बेकायदा हस्तक्षेप आहे. म्हणजे मामांनी चौथा-पाचवा हात नाकारला तरी तिसऱ्या हातानेच कायदा मोडलेला असतो. अमेरिकेला जो गज लावला तोच रशियाला लावायचा. पुढे 1999 मध्ये युगोस्लाव्हियासाठीच्या न्यायाधिकरणाने तादिच खटल्यात थोडी सैल कसोटी घेतली: गटाला उभं करणं, पुरवठा करणं आणि त्याच्या लष्करी कारवायांच्या आखणीत सहभागी असणं, अशी एकूण पकड असली तरी संघर्ष आंतरराष्ट्रीय ठरतो.

या कसोट्या डोनबासला लावल्या गेल्या, तेव्हा काय झालं? युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या मोठ्या पीठाने जानेवारी 2023 मध्ये निर्णय दिला की 11 मे 2014 पासून बंडखोरांच्या ताब्यातला प्रदेश रशियाच्या प्रभावी नियंत्रणाखाली होता. जुलै 2025 मध्ये त्याच पीठाचा अंतिम निकाल आला, त्यात तिथल्या छळाची, हत्यांची आणि ‘एमएच-17’ विमान पाडल्याची जबाबदारी रशियावर ठेवली गेली. त्या विमानाचा वेगळा फौजदारी खटला नेदरलँड्समध्ये चालला. 17 जुलै 2014 ला ॲमस्टरडॅमहून क्वालालंपूरला निघालेलं मलेशियाचं ते बोइंग 777, 298 माणसं. तपास पथकाने दाखवलं की ते पाडणारी ‘बुक’ क्षेपणास्त्र यंत्रणा कुर्स्कच्या 53 व्या विमानविरोधी ब्रिगेडची. नोव्हेंबर 2022 मध्ये हेगच्या जिल्हा न्यायालयाने गिरकिनसह तिघांना त्यांच्या गैरहजेरीत जन्मठेप दिली, आणि चौथ्याला पुरेशा पुराव्याअभावी निर्दोष सोडलं. ही शेवटची गोष्ट सांगायला विसरू नका. सगळं आधीच ठरवून बसलेलं न्यायालय असं करत नाही.

त्या निकालातला एक भाग मी दर वर्षी शिकवते. दोन देशांच्या युद्धात सैनिकाने शत्रूचा सैनिक मारला तर तो खून ठरत नाही. सैनिक म्हणून त्याला तेवढं कायद्याचं कवच असतं. न्यायालयाने मे 2014 च्या मध्यापासून त्या ‘प्रजासत्ताका’वर रशियाची एकूण पकड होती असं मानलं, म्हणजे युद्ध आंतरराष्ट्रीय झालं. मग आरोपींना ते कवच मिळायला हवं होतं का? मिळालं नाही, कारण ही आमच्या सैन्याची माणसं नव्हेत असंच रशिया सांगत राहिला होता. दोन वर्षांपूर्वी रशियाची बाजू मांडणारी माझी एक विद्यार्थिनी हे वाचून थांबलीच. म्हणाली, “मॅडम, नकार दिला की मला माझ्याच माणसांना वाचवता येत नाही.” मला वाटतं, डोनबासच्या आठ वर्षांचं सगळं दुखणं तिला त्या क्षणी कळलं.

मामा म्हणतील, ही सगळी युरोपची न्यायालयं. ठीक. 16 मार्च 2022 ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने रशियाला लष्करी कारवाई थांबवायचा अंतरिम आदेश दिला, तेरा विरुद्ध दोन मतांनी. त्या तेरांत भारताचे न्यायमूर्ती दलवीर भंडारी होते.

आता मामांची बाजू, आणि ती हातचं राखून मांडू नका. डोनबासमधली नाराजी खोटी नव्हती. फेब्रुवारी 2014 मध्ये युक्रेनचे राष्ट्राध्यक्ष यानुकोविच पळाले आणि दुसऱ्याच दिवशी कीव्हच्या संसदेने प्रादेशिक भाषांना दर्जा देणारा 2012 चा कायदा रद्द करायचं मत दिलं. हंगामी राष्ट्राध्यक्षांनी त्यावर सही केली नाही, कायदा तेव्हा तसाच राहिला, पण पूर्वेकडच्या माणसाला जो संदेश जायचा तो गेला. एप्रिल 2014 मध्ये कीव्हच्या समाजशास्त्र संस्थेने पाहणी केली, तेव्हा डोनेत्स्क प्रांतात सुमारे 28 टक्के आणि लुहान्स्कमध्ये सुमारे 30 टक्के लोकांना रशियात जायचं होतं. निम्म्याहून थोडे जास्त विरोधात होते. हे दोन्ही आकडे एकत्र ठेवा. एवढ्या लोकांची नाराजी हा विनोद नव्हे, आणि बहुमतही नव्हे. 2 मे 2014 ला ओदेसात चकमकी आणि कामगार संघटना भवनातली आग मिळून 48 माणसं गेली, बहुतेक रशियाकडे झुकलेल्या गटातली. लोकांना वाचवण्यात आणि नंतर धड तपास करण्यात युक्रेन कमी पडला, असं मार्च 2025 मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयानेच म्हटलं. म्हणजे हेच न्यायालय युक्रेनलाही दोषी धरतं. युक्रेनच्या बाजूने लढणाऱ्या आझोव्ह दलाच्या स्थापनेत अतिउजवे होते, आणि कोठडीतल्या छळाच्या नोंदी संयुक्त राष्ट्रांनी दोन्ही बाजूंच्या केल्यात. आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही 31 जानेवारी 2024 च्या निकालात युक्रेनचे बहुतेक दावे फेटाळले. पण का, ते वाचा: दहशतवादाला पैसा पुरवण्याविरुद्धच्या ज्या करारावर युक्रेन गेला, त्यातल्या ‘निधी’ या शब्दात शस्त्रं आणि प्रशिक्षण बसत नाही, म्हणून. शस्त्रं दिली नाहीत, असं न्यायालय कुठेही म्हणत नाही.

माझं मत सरळ आहे. आतली नाराजी आणि बाहेरचा हात या एकमेकींना खोडणाऱ्या गोष्टी नव्हेत. वाळलेलं गवत तिथलं होतं. काडी आणि रॉकेल सीमेपलीकडून आलं. खारकीव्ह आणि ओदेसातही गवत वाळलेलंच होतं, तिथे आठ वर्षं युद्ध झालं नाही.

14,000 च्या आकड्यावर तुम्ही गप्प बसता, ते अगदी सोडा. आकडा खरा आहे, त्याचा अर्थ चुकीचा लावला जातो. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाच्या हिशोबाने 14 एप्रिल 2014 ते 31 डिसेंबर 2021 या काळात 14,200 ते 14,400 माणसं मेली. त्यांतले सुमारे 6,500 बंडखोर गटांचे लढवय्ये, सुमारे 4,400 युक्रेनी सैन्याचे. सामान्य नागरिक किमान 3,404, आणि त्यांत ‘एमएच-17’मधले 298 जणही मोजलेले आहेत. नागरिकांपैकी 2,084 पहिल्याच वर्षी, 955 दुसऱ्या वर्षी. 2021 साली 25. युक्रेनी तोफांनी बंडखोरांच्या बाजूची वस्ती मारली हे खरं. शेवटच्या वर्षांत गोळीबारात सापडलेले बहुतांश नागरिक त्याच बाजूचे होते, आणि तिथल्या आयांना या आकडेवारीने काही दिलासा मिळत नाही. पण रशियाच्या छावणीत लढून मेलेले, युक्रेनचे मेलेले सैनिक आणि विमानातली डच मुलं यांची बेरीज करून ‘युक्रेनने मारलेले रशियन भाषिक’ म्हणणं हा मृतांचा अपमान आहे. याबाबत मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही. 24 फेब्रुवारी 2022 ला जे सुरू झालं त्याचं समर्थन या बेरजेवर उभं केलं गेलं.

मामा एव्हाना 1971 वर आले असतील. आपण मुक्तिवाहिनीला शिकवलं, शस्त्रं दिली, मग रशियाला कोण बोलणार? हा प्रश्न चांगला आहे, त्याला झटकू नका. हो, आपण ते केलं, आणि कित्येक महिने उघड कबूल न करता केलं. डिसेंबर 1971 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत 104 देशांनी शस्त्रसंधी आणि सैन्यमाघारीच्या बाजूने मत दिलं, विरोधात फक्त 11 होते. म्हणजे जगाने आपल्याला शाबासकी दिली नव्हती. फरक पाहायचा तर तो आधी आणि नंतर काय झालं यात पाहावा लागतो. 25 मार्चच्या ढाक्यातल्या कत्तलीनंतर सुमारे एक कोटी निर्वासित आपल्या हद्दीत आले होते; डोनबासात गिरकिन आला तेव्हा असं काहीही घडलेलं नव्हतं. आणि मार्च 1972 पर्यंत आपलं सैन्य बांगलादेशातून परत आलं, तिथली एक इंचही जमीन आपण जोडून घेतली नाही. रशियाने सप्टेंबर 2022 मध्ये युक्रेनचे चार प्रांत आपले म्हणून जाहीर केले, त्यांत डोनेत्स्क आणि लुहान्स्क.

गोव्याचं उदाहरणही येतं, विशेषतः क्रिमियासाठी. 1961 मध्ये सुरक्षा परिषदेत सोव्हिएत संघाने आपल्यासाठी नकाराधिकार वापरला, हे कृतज्ञतेने आठवावंच. पण गोवा हा पोर्तुगालचा प्रांत नसून स्वशासन नसलेला प्रदेश आहे, हे आमसभेने एक वर्ष आधीच, डिसेंबर 1960 च्या ठरावात नोंदवलं होतं. क्रिमिया युक्रेनचा आहे हे रशियाने स्वतः लिहून दिलं होतं: 1994 च्या बुडापेस्ट करारपत्रात, युक्रेनने अण्वस्त्रं सोडली त्याच्या बदल्यात, आणि पुन्हा 1997 च्या मैत्री करारात.

नाटोच्या विस्ताराबद्दल फार वेळ घालवू नका. रशियाला त्याचा धसका होता का, यावर रात्रभर बोलता येईल. पण ते ‘का केलं’चं उत्तर आहे. मामा ‘केलंच नाही’ म्हणताहेत.

मला वाटतं मामांच्या आग्रहामागे कायदा नाहीच, मैत्री आहे. भिलाईचं पोलाद, 1971 चा करार, मराठीत स्वस्तात मिळणारी मॉस्कोत छापलेली गुळगुळीत पानांची पुस्तकं. त्या पिढीच्या मनात हे खोल आहे आणि मी त्याचा आदर करते. माझ्याही घरात ती पुस्तकं होती. फक्त ती मैत्री सोव्हिएत संघाशी होती, आणि युक्रेन त्यात होता. आपल्या हवाई दलाची एएन-32 विमानं कीव्हच्या अंतोनोव्हची. आपल्याच मुंबईत, माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या आयएनएस कोलकाता आणि आयएनएस विशाखापट्टणम या विनाशिका ज्या गॅस टर्बाइनवर धावतात, त्या युक्रेनच्या मिकोलाईव्ह शहरात, झोऱ्या-मशप्रोएक्तच्या कारखान्यात तयार झाल्या. 2022 मध्ये ते शहर महिनोन्‌महिने तोफांच्या माऱ्याखाली होतं. 29 मार्चला तिथली प्रांतिक प्रशासनाची इमारत क्षेपणास्त्राने मधोमध फुटली, आणि एप्रिलपासून लोक पिण्याच्या पाण्यासाठी कॅन घेऊन रांगेत उभे राहू लागले. मामांना विचारा, आपल्या जुन्या मित्रांच्या यादीत त्या कारखान्यातले कामगार धरायचे की नाहीत?